केरी नावाची तीन गावं: वाचनालयाच्या प्रकल्प नोंदी

२ ऑगस्ट २०२५, शनिवार

पाऊस जरा उघडला तेव्हा मामा आले. छत्री दाराशी टेकवली आणि फोन थेट माझ्या टेबलावर ठेवला. "आमच्या केरीचें कितें मेळ्ळें?" महिनाभर त्यांचा हाच प्रश्न आहे. फोनवर केरी शोधलं की समुद्र येतो, वाळू येते, तेरेखोलची फेरीबोट येते. मामांची केरी फोंडा तालुक्यातली, विजयादुर्गा देवीची. तिथून समुद्र दिसत नाही.

गोव्यात केरी तीन. एक पेडण्यात, तेरेखोल नदीच्या मुखाशी. दुसरी सत्तरीत, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी, अंजुणे धरणाजवळ. तिसरी ही आमची. जुन्या पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगात या नावाचं 'क्वेरिम' होतं, आणि पर्यटक जिथे जातात तीच केरी नेहमी वर येते. मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. शब्द बदलून बदलून शोधत बसणं त्यांना जमत नाही, आणि जमावं अशी अपेक्षा तरी का करायची?

म्हणून ठरवलं. फोंडा तालुक्यातल्या बारा गावांसाठी शोधाच्या तयार लिंका करायच्या. बोट लावलं की गावाच्या सगळ्या स्पेलिंगांसकट पूर्ण शोध उघडला पाहिजे. रोज काय केलं ते या वहीत.

४ ऑगस्ट, सोमवार

रात्री फोनवर 'केरी फोंडा' शोधलं आणि ॲड्रेस बारमधला पत्ता स्वतःलाच पाठवला. पाच ओळींचा निघाला. मग एकेक तुकडा खोडत गेले आणि प्रत्येक वेळी पान पुन्हा उघडून पाहिलं. 'एससीए_ईएसव्ही' काढलं, फरक नाही. 'ईआय', 'व्हीईडी', 'जीएस_एलपी' काढलं, फरक नाही. शेवटी उरलं ते इतकंच: गूगलचा पत्ता, तिरकी रेघ, 'सर्च', प्रश्नचिन्ह, 'क्यू', बरोबरचं चिन्ह आणि माझे दोन शब्द.

(या तुकड्यांना पॅरामीटर म्हणतात. वहीत त्यांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. पत्त्यात ती लहान रोमन अक्षरांतच टाकायची.)

खोडलेल्या तुकड्यांत एक 'ओक्यू' होता. सुचवण्यांच्या यादीतून शोध निवडला की निवडलेले शब्द 'क्यू'मध्ये जातात आणि आपण आधी टाइप केलेलं 'ओक्यू'मध्ये राहतं. म्हणजे लिंक जशीच्या तशी कुणाला पाठवली तर अर्धवट टाइप करून सोडलेलं काहीबाहीही त्याच्याकडे जातं. वाचनालयातून कुणालाही लिंक द्यायची ती छाटूनच, हा पहिला नियम.

पत्त्याची रचना आरएफसी ३९८६ या इंटरनेटच्या नियमपत्रात ठरवलेली आहे. टिम बर्नर्स-ली, रॉय फील्डिंग आणि लॅरी मासिंटर यांचा जानेवारी २००५ चा दस्तऐवज. प्रश्नचिन्हापासून क्वेरी, म्हणजे आपण विचारलेला भाग, सुरू होते, हॅशच्या चिन्हापासून पुढचा भाग वेगळा. क्वेरीच्या आत 'नाव = किंमत' अशा जोड्या आणि दोन जोड्यांमध्ये & ही पद्धत मात्र वेब फॉर्ममधून आलेली. हे कळल्यावर लांबलचक पत्ता भीतीदायक वाटेनासा झाला. कर्ता, कर्म, क्रियापद ओळखल्यावर वाक्य वाचता यावं तसा तो वाचता येतो.

९ ऑगस्ट, शनिवार

नारळी पौर्णिमा, वाचनालय अर्धा दिवस. दुपारी टक्केवाऱ्यांकडे वळले.

देवनागरी शब्द पत्त्यातून कॉपी केला की त्याच्या जागी टक्क्यांची रांग येते. पोरांना वाटतं लिंक बिघडली. बिघडलेली नसते. पत्त्यात मुळात रोमन अक्षरं, अंक आणि मोजकी चिन्हंच चालतात. बाकी प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ या संकेतपद्धतीनं बाइटांत, म्हणजे यंत्राच्या छोट्या एककांत, मोडून, प्रत्येक बाइटामागे % लावून लिहितात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. 'म' म्हणजे %ई०%ए४%एई. एका 'म'साठी नऊ अक्षरं.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली म्हणून 'माटोळी' हा शब्द घेतला, गणपतीवर टांगतात ती रानफळांची आरास. म, काना, ट, ओकार, ळ, दीर्घ वेलांटी: चिन्हं सहा, म्हणजे अक्षरं चोपन्न. मात्राही स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजली जाते. आपल्याला 'टो' एक दिसतो, यंत्राला ट आणि ओकार असे दोन.

रिकाम्या जागेसाठी दोन रूपं दिसतात, %२० आणि अधिकचं चिन्ह. अधिक ही फॉर्मवाली जुनी सवय, क्वेरीच्या भागातच चालते. मी सगळीकडे %२० वापरणार, एकच रीत बरी. अवतरणचिन्हासाठी %२२. व्हॉट्सॲपवर पाठवताना हे फार गरजेचं. मोकळी जागा तशीच ठेवली तर लिंक तिथेच तुटते, आधीचा भाग निळा होतो आणि उरलेले शब्द साध्या मजकुरासारखे पडून राहतात.

१३ ऑगस्ट, बुधवार

शीट तयार केली. पहिल्या रकान्यात शोधायचे शब्द, दुसऱ्यात शब्दांची टक्क्यांची रांग करून देणारं 'एन्कोडयूआरएल' हे सूत्र, तिसऱ्यात जोडून झालेली लिंक. गूगल शीट्समध्ये हे सूत्र आयतं आहे, एक्सेलमध्येही आहे. अकरावीतला एक मुलगा मदतीला येतो. त्याला पायथॉन येतं, पण मी म्हटलं, आधी शीट. उद्या मी नसले तरी ग्रंथपालबाईंना ती चालवता आली पाहिजे.

दोन चुका झाल्या. दोन्ही लिहून ठेवण्यासारख्या.

पहिली: मुलानं एका ओळीत 'धालो & फुगडी' असं लिहिलं होतं, आणि त्या एका ओळीला सूत्र लावायचं राहून गेलं. लिंक उघडली तर शोध फक्त 'धालो'चा. & लागल्याबरोबर यंत्राला वाटलं, एक जोडी संपली, आता पुढची. फुगडी हरवली आणि कुठे तक्रारही आली नाही. शोधपेटीत 'धालो' एकटाच पाहिला तेव्हा कुठे कळलं. हॅशचं चिन्ह तर आणखी वाईट. त्याच्या पुढचा मजकूर ब्राउझर पलीकडे पाठवतच नाही.

दुसरी: काही शब्द त्यानं ॲड्रेस बारमधून उचलले होते, म्हणजे ते आधीच टक्क्यांत होते. त्यांच्यावर सूत्र पुन्हा चाललं. % या चिन्हाचं स्वतःचं रूप %२५, त्यामुळे %ई० चं %२५ई० झालं. लिंक उघडली, आणि शोधपेटीत 'माटोळी'ऐवजी टक्के, अंक आणि रोमन अक्षरं. खाली एकही निकाल नाही. आता नियम: पहिल्या रकान्यात फक्त वाचता येणारे शब्द. तिथे % दिसला की ओळ लाल, तसं रंगाचं फॉरमॅटिंग लावून ठेवलं.

१६ ऑगस्ट, शनिवार

आजचा दिवस स्पेलिंगांचा. प्रकल्पाचा जीव इथेच आहे असं मला वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्या गावांना किमान तीन पोशाख आहेत. देवनागरी, पोर्तुगीज वळणाची रोमन, आणि इंग्रजी वळणाची रोमन. साखळी म्हणजे सँक्वेलिम, डिचोली म्हणजे बिचोलिम, पेडणे म्हणजे पेर्नेम. शेवटचा 'एम' हा 'म्' नव्हे, तो नाकातला उच्चार दाखवण्याची पोर्तुगीज तऱ्हा. रोमन 'एक्स' दिसला की 'श' वाचायचा, शेल्डे या गावाच्या नावाची सुरुवात 'एक्स'नं होते. 'क्यूयू'च्या पुढे इ किंवा ए असला की 'क'. नव्वदीतल्या आजोबांना हे सगळं पाठ असतं. त्यांच्या नातवाला 'क्वेरिम' आणि 'केरी' एकच, हे ठाऊक नसतं.

सरकारी पाटीवर एक, बसच्या कपाळावर दुसरं, जमिनीच्या कागदावर तिसरं आणि वर्तमानपत्रात चौथं. आपण एक स्पेलिंग टाकून शोधतो आणि समजतो की गावाबद्दल कुणी काही लिहिलेलंच नाही. लिहिलेलं असतं. ते दुसऱ्या कपड्यांत उभं असतं.

म्हणून क्वेरीत सगळी रूपं एकत्र घ्यायची, मध्ये 'ऑर'. रोमन मोठ्या अक्षरांतच, लहान लिहिलं तर तो साधा शब्द धरला जातो. गूगलमध्ये 'ऑर'च्या जागी उभी रेघही चालते, पत्त्यात ती %७सी. मी 'ऑर'च ठेवला, वाचणाऱ्याला कळतो.

पहिला प्रयत्न: केरी, क्वेरिमचं रोमन, केरीचं रोमन, या तिघांत 'ऑर', मग उणे तेरेखोल, उणे अंजुणे, उणे सत्तरी. उण्याचं चिन्ह शब्दाला चिकटून हवं. समुद्र गेला, पण त्याच्याबरोबर चांगली पानंही गेली. ज्या लेखात तिन्ही केरींचा उल्लेख आहे तो नेमका गाळला गेला, आणि असाच लेख तर आपल्याला हवा असतो! गोव्यातल्या देवस्थानांवरचं लांब पानही 'सत्तरी' हा शब्द एकदा आला म्हणून बाहेर. उणे फार जपून वापरावं. डकडकगो या दुसऱ्या शोधयंत्रात तर उणेचा अर्थच मवाळ आहे. तो शब्द असलेली पानं कमी दाखव, एवढाच.

मग उलट बाजूनं गेले. मामांच्या केरीला इतर दोघींपासून वेगळं काय करतं? देवी. आणि देवीचं मूळ गाव. सोळाव्या शतकात साष्टीत देवळं पाडली गेली तेव्हा मूर्ती घेऊन माणसं नदीपलीकडे आली. विजयादुर्गा सांकवाळहून केरीला आली. म्हणजे केरीबद्दल कुणी मन लावून लिहिलं असेल तर सांकवाळचं नाव त्यात बहुतेक येणारच. क्वेरीत विजयादुर्गा आणि सांकवाळ घातलं, सांकवाळचं पोर्तुगीज स्पेलिंगही, त्यांच्यात 'ऑर'. काहीच वजा केलं नाही. पहिलं पान उघडलं आणि समुद्र नव्हता. वजा करण्याऐवजी गावाची खूण सांगितली, आणि यंत्राला गाव सापडलं.

हीच रीत बाराही गावांना लावायची: नावाची सगळी रूपं, अधिक गावाच्या दोन खुणा. खूण म्हणजे देऊळ, तळं, ओढा, शेजारचं गाव. शेजारचं गाव फार उपयोगी पडतं. मर्यादा एकच. गूगल बत्तीस शब्दांपुढचे शब्द विचारात घेत नाही. त्यामुळे हावरटपणे रूपं घालत सुटायचं नाही.

फोंड्याची लिंक सगळ्यांत अवघड जाईल. सिंधुदुर्गातलं फोंडाघाट आहे, त्यालाही लोक नुसतं फोंडा म्हणतात.

२० ऑगस्ट, बुधवार

ग्रंथपालबाई म्हणाल्या, "अगं, लिंकेत मराठी टाक ना, म्हणजे मराठीतलंच येईल." त्यांच्या मनात 'एचएल=एमआर' होतं. ते घातलं तर बटणं, सूचना, 'सर्व' आणि 'प्रतिमा' ही नावं मराठीत येतात. 'एचएल' पानाच्या भाषेसाठी आहे, निकाल कोणत्या भाषेतले हवेत ते त्यानं ठरत नाही. ते 'एलआर'चं काम. आणि इथे माझा हिरमोड झाला. गूगलनं विकासकांसाठी दिलेल्या शोध-एपीआयच्या (प्रोग्रामनं थेट शोध विचारण्याच्या सोयीच्या) कागदपत्रांत 'एलआर'ला चालणाऱ्या भाषांची यादी आहे. अरबी आहे, तुर्की आहे, आइसलँडची भाषा आहे, पोर्तुगीज आहे. मराठी नाही. कोकणी नाही.

दुसरी वाट काढली. मराठीत जवळजवळ प्रत्येक लेखात येणारा आणि हिंदीत न येणारा शब्द कोणता? 'आहे'. हिंदीत 'है', कोकणीत 'आसा'. क्वेरीच्या शेवटी 'आहे' जोडला की हिंदी पानं मागे पडतात. कोकणीतलं हवं असेल तर 'आसा'. ढोबळ उपाय आहे, पण काम करतो. आमच्याकडे दोन्ही भाषांचे वाचक येतात, म्हणून प्रत्येक गावाला दोन लिंका केल्या, एक 'आहे'वाली, एक 'आसा'वाली. १९८७ च्या राजभाषा कायद्यानं देवनागरी कोकणी राजभाषा आहे आणि मराठीलाही कामकाजात जागा आहे. वाचनालयाच्या कपाटात तर दोघी शेजारीशेजारी आहेतच.

'यूडीएम=१४' हेही सगळ्या लिंकांना जोडलं. हे मे २०२४ पासून आहे. नुसत्या वेबपानांची यादी येते, वरचे सारांश आणि चौकोन गळतात. आणि 'टीबीएस=एलआय:१'. यानं शोध शब्दशः होतो, यंत्र आपल्या शब्दाचं परस्पर दुसरं रूप धरत नाही. आपल्या बोलीतले शब्द यंत्राला चुकीचे वाटू शकतात, त्यासाठी हे फार मोलाचं.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा चवथ. बाजारात माटोळीचं सामान आलंय, रानातली फळं टोपल्यांत मांडून बायका बसल्यात. आठवी-नववीच्या मुलांना माटोळीतल्या फळांची यादी करायचा प्रकल्प आहे. त्यांच्यासाठी लिंक केली आणि तारखेची गाळणी वापरून पाहिली. 'टीबीएस=क्यूडीआर:एम' म्हणजे गेल्या महिन्यातलं, 'डब्ल्यू' आठवड्यातलं, 'वाय' वर्षातलं. स्वतःची तारीख द्यायची तर 'सीडीआर:१', मग 'सीडी_मिन' आणि 'सीडी_मॅक्स'. त्यात आधी महिना, मग दिवस, मग वर्ष. मी सवयीनं दिवस आधी लिहिला होता.

मुलांना मी महिनाभराची लिंक दिली नाही. माटोळीवर सावकाशीनं लिहिलेलं जुन्या वर्षांतलंही असतं. ताज्या पानांत जाहिराती जास्त.

आता पुढच्या आठवड्यात.

३ सप्टेंबर, बुधवार

मुलानं चवथीच्या सुटीत, मला न विचारता, एक छोटा प्रोग्राम लिहिला. शीटमधल्या सगळ्या लिंका एकामागून एक उघडायच्या, निकाल उचलायचे आणि फाइलीत भरायचे. हेतू चांगला होता. वाचनालयाच्या वायफायवरून चालवला आणि थोड्याच वेळात शोधयंत्रानं 'या जोडणीवरून नेहमीपेक्षा वेगळी रहदारी दिसते' म्हणून चित्रकोडं पुढे केलं. वायफाय सगळ्यांचं एकच, पत्ताही बाहेरून एकच. संध्याकाळी पेपर वाचायला आलेल्यांनाही तेच कोडं. एका काकांनी तीनदा ट्रॅफिक सिग्नल निवडले.

त्याला रागावले नाही. शेजारी बसवून रोबोट्स फाइल उघडून दाखवली. साइटच्या मुळाशी साध्या मजकुराची ही फाइल असते, यंत्रांनी कुठे यावं आणि कुठे येऊ नये ते तिथे लिहिलेलं असतं. मोठ्या शोधयंत्रांच्या फाइलीत शोधाचं पान यंत्रांना बंद असतं. माणसानं बोट लावून लिंक उघडणं वेगळं आणि प्रोग्रामनं शेकडो उघडणं वेगळं. पत्ता दोन्हीकडे तोच असला तरी.

मग त्याची तळमळ वाया जाऊ नये म्हणून जिथे दार उघडं आहे तिथे नेलं. मराठी विकिपीडियाचा एपीआय: 'ॲक्शन=क्वेरी', 'लिस्ट=सर्च', 'एसआरसर्च' बरोबर शब्द, 'फॉरमॅट=जेसन'. उत्तर सरळ जेसनमध्ये, म्हणजे प्रोग्रामला वाचता येईल अशा मांडणीत, येतं, उचलायला कसलीही चोरी नाही. पत्त्याच्या सुरुवातीचं 'एमआर' काढून 'जीओएम' घातलं की तोच प्रश्न कोकणी विकिपीडियाला. पोरगा उडालाच. "ताई, तीनच अक्षरं बदलली!" इंटरनेट आर्काइव्हचंही असंच आहे. त्यांच्या प्रगत शोधाच्या पत्त्यात 'क्यू', 'रोज' म्हणजे किती ओळी हव्यात तो आकडा, आणि 'आउटपुट=जेसन'. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांसाठी हे सोन्यासारखं. तिथे भाषेच्या रकान्यात कुणी पूर्ण नाव लिहितं, कुणी तीन अक्षरांचं चिन्ह, म्हणून दोन्ही घ्यायचे. त्याला सांगितलं, दोन विनंत्यांमध्ये थोडं थांबायला लाव. त्यानं दोन सेकंद ठेवले.

विकिपीडियाच्या साध्या लिंकेत एक गोष्ट: 'फुलटेक्स्ट=१' जोडलं नाही आणि त्याच नावाचा लेख असला तर शोधाची यादी न येता थेट लेख उघडू शकतो. आम्हाला यादी हवी, म्हणून ते सगळीकडे जोडलं.

८ सप्टेंबर, सोमवार

खाजनशेतीची, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठी बांध घालून केलेल्या शेतीची, लिंक करताना दिवस गेला. शीटमध्ये 'शेतकऱ्यांची' हा शब्द दोन ओळींत होता, एक मी टाइप केलेला, एक मुलानं कुठल्याशा पानावरून आणलेला. डोळ्यांना अगदी सारखे. दुसऱ्या रकान्यात मात्र एकाची रांग दुसऱ्यापेक्षा नऊ अक्षरांनी लांब. 'लेन' हे चिन्हं मोजणारं सूत्र लावून मोजलं: एक अकरा, एक बारा.

कारण आपला अर्धा, चंद्रकोरीसारखा र. तो दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह. पत्त्यात ते %ई२%८०%८डी म्हणून उघडं पडतं. पडद्यावर दोन्ही एकच चित्र काढतात. युनिकोडचं सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची रीत) लावलं तरी ते जोडचिन्ह जागचं हलत नाही, दोन रूपं दोनच राहतात.

दऱ्या, खोऱ्या, वाऱ्या, शेतकरी जिथे अनेकवचनात येतात ती प्रत्येक जागा मराठीची. ही अडचण फार लोकांची नाही, आपली आहे, म्हणून ती आपणच सांभाळायची. शोधयंत्र समजून घेईल या भरवशावर राहिले नाही. जिथे असा र येतो तिथे दोन्ही रूपं 'ऑर'नं जोडली. 'ॲ'चंही असंच, त्याची एकाहून अधिक रूपं लोक टाइप करतात. सुदैवानं गावांच्या नावांत तो येत नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सगळ्या लिंकांना आम्ही 'नम=१००' जोडलं होतं, एका पानावर शंभर निकाल यावेत म्हणून. मामांना 'पुढचं पान' शोधत बसावं लागू नये हा हेतू. या महिन्यात गूगलनं ते पॅरामीटर मानणं थांबवलं. आता लिंक उघडते, शोध होतो, पण दहाच निकाल. 'स्टार्ट=१०', 'स्टार्ट=२०' असं देऊन पुढच्या पानावर जाता येतं.

चूक माझीच. वापरता येतंय म्हणून मी ते गृहीत धरलं. आज शीटमधून काढून टाकलं आणि पॅरामीटरांचे दोन गट केले. 'क्यू' आणि शब्दांची चिन्हं यांच्यावर लिंक उभी. 'यूडीएम', 'टीबीएस' वगैरे फक्त सोय, उद्या गेली तरी शोध मोडता कामा नये. प्रत्येक लिंक सोयीचे पॅरामीटर काढून एकदा उघडून पाहिली. बारापैकी दोन गावांची लिंक पुन्हा बांधावी लागली, कारण तिथे मी खुणांऐवजी गाळणीवर विसंबले होते.

२० सप्टेंबर, शनिवार

ज्यांच्याकडे व्हॉट्सॲपचा गट नाही त्यांच्यासाठी क्यूआर छापून भिंतीवर लावायचे होते. केरीची देवनागरीतली पूर्ण लिंक सातशे अक्षरांच्या वर जाते. तेवढं कोंबलं की क्यूआरचे चौकोन मोहरीएवढे होतात. आमच्या जुन्या प्रिंटरवर ते एकमेकांत मिसळले आणि तीन फोनांपैकी एकानंही वाचले नाहीत.

मग क्यूआरमध्ये लिंक भरायचा नाद सोडला. बारा गावांचं एक साधं पान केलं, सगळ्या लिंका त्यावर, आणि क्यूआर त्या पानाचा. पत्ता छोटा, चौकोन मोठे. दिव्याखालच्या मंद उजेडातही फोन लगेच वाचतो. शिवाय लिंक दुरुस्त केली तर भिंतीवरचा कागद बदलावा लागत नाही, हे तर मला आधीच सुचायला हवं होतं.

वाचनालयाच्या संगणकावर आणखी एक सोय. फायरफॉक्समध्ये बुकमार्कच्या पत्त्यात शब्दाच्या जागी %एस (लहान रोमन एस) लिहायचं आणि त्याला एक छोटा कीवर्ड द्यायचा. मग ॲड्रेस बारमध्ये तो कीवर्ड, मोकळी जागा आणि शब्द टाइप केला की %एसच्या जागी शब्द बसून शोध उघडतो. क्रोममध्ये हेच 'साइट सर्च' नावानं सेटिंगमध्ये आहे. ग्रंथपालबाईंनी दोन मिनिटांत उचललं. आता त्या मराठी विकिपीडियासाठी 'वि' दाबतात.

४ ऑक्टोबर, शनिवार

दसरा झाला. आज मामांना पान दाखवलं. त्यांनी 'केरी (फोंडा)' वर बोट लावलं आणि चष्मा वर करून फोन डोळ्यांजवळ नेला. वरून तिसरा निकाल देवीच्या सांकवाळहून येण्याबद्दलचा होता. तो उघडून त्यांनी पहिला परिच्छेद मोठ्यानं वाचला, हळू, प्रत्येक शब्दावर थांबत. वाचन थांबवून मला म्हणाले, "हें आमच्या आज्यान सांगिल्लें." मग पुढे वाचू लागले. अर्धा तास कुणी त्यांच्याशी बोललं नाही.

निघताना विचारलं, सत्तरीच्या केरीची लिंक आहे का? मामींचं माहेर तिकडचं. हे मला माहीत नव्हतं. आमची यादी फोंडा तालुक्यापुरती, पण ही लगेच केली: केरी आणि तिची रोमन रूपं, खुणेसाठी अंजुणे आणि चोर्ला, शेवटी 'आहे'. काहीही वजा केलं नाही. एकदा उघडून पाहिली आणि मामांच्या फोनवर पाठवली. ते म्हणाले, तिला घरी जाऊन मीच उघडून देतो.